मनाचे शास्त्र आपल्या हाती हवे

दहावी-बारावीचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांमध्ये आणि या शाळेच्या प्रांगणात एकच प्रश्न विचारला जातो : आता पुढे काय? उत्तरांची यादी बहुधा ठरलेली असते. गणित बरे असेल तर अभियांत्रिकी, मुलगी हुशार असेल तर नर्सिंग, उंची आणि छाती भरत असेल तर पोलीस भरती आणि यांपैकी काहीच जमले नाही तर कला शाखा. कला शाखेत गेल्यावरही विषयाची निवड विचारपूर्वक होते असे नाही. ज्या विषयाचे गाईड सहज मिळते आणि ज्यात वरच्या वर्गातील मुले उत्तीर्ण झालेली असतात, तो विषय घेतला जातो. या यादीत उपयोजित मानसशास्त्राची पदवी जवळजवळ कधीच नसते. गेली तीसेक वर्षे इतिहास शिकविणाऱ्या माझ्यासारख्या शिक्षकाने दुसऱ्या विषयाची शिफारस करावी, याचे काहींना नवल वाटेल. परंतु ज्या समाजाच्या मनावर शतकानुशतके आघात झाले, त्या समाजाच्या मुलामुलींनी मनाचे शास्त्र पद्धतशीरपणे शिकले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. ते का, आणि त्या वाटेवर कोणत्या अडचणी आहेत, हे या स्मरणिकेच्या निमित्ताने मांडत आहे.

प्रथम गैरसमज दूर केले पाहिजेत. मानसशास्त्र म्हणजे समोरच्याच्या मनातले ओळखण्याची विद्या नव्हे, आणि केवळ वेड्यांचा अभ्यासही नव्हे. १८७९ साली विल्हेल्म वुंट यांनी जर्मनीतील लाइपझिग येथे प्रयोगशाळा स्थापन केली, तेव्हापासून हा विषय प्रयोगाच्या आणि मोजमापाच्या वाटेने चालला आहे. पदवीच्या वर्गात विद्यार्थी अवधान, संवेदन, स्मृती, अध्ययन, प्रेरणा आणि भावना यांचा अभ्यास करतो. बालकाची वाढ कशी होते, समूहात माणूस वेगळा का वागतो, पूर्वग्रह कसे तयार होतात, हे शिकतो. प्रात्यक्षिके करतो, चाचण्या घेतो आणि त्यासाठी सांख्यिकीही शिकतो. सरासरी, प्रमाण विचलन व सहसंबंध यांना जो घाबरतो त्याने हा विषय सोपा समजून घेऊ नये. हे ज्ञान शाळा, कारखाना, रुग्णालय, न्यायालय, तुरुंग आणि कुटुंब यांतील प्रत्यक्ष प्रश्नांना लावणे म्हणजे उपयोजित मानसशास्त्र. दिल्ली विद्यापीठाच्या काही महाविद्यालयांत याच नावाची पदवी आहे. आपल्याकडे नाशिकच्या हं. प्रा. ठा. महाविद्यालयासारख्या ठिकाणी बी. ए. ला मानसशास्त्र हा विषय घेता येतो, आणि पुढे मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत उपयोजित मानसशास्त्रात एम. ए. करता येते.

आता हा विषय आपला कसा, ते पाहू. १९१६ च्या मे महिन्यात कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींवरील आपला निबंध वाचला. जातीबंद विवाहाची प्रथा एका वर्गाकडून इतर वर्गांत कशी पसरली, हे सांगताना त्यांनी फ्रेंच विचारवंत गाब्रिएल तार्द यांच्या अनुकरणाच्या सिद्धान्ताचा आधार घेतला. वरच्याचे अनुकरण खालचा करतो आणि जवळच्याचे अनुकरण लवकर होते, हा समूहमनाचा नियम त्यांनी जातीच्या उत्पत्तीला लावून दाखविला. त्यांचे गुरू जॉन ड्यूई आज तत्त्वज्ञ आणि शिक्षणतज्ज्ञ म्हणून ओळखले जातात. परंतु त्यांनी १८८७ साली मानसशास्त्राचे पाठ्यपुस्तक लिहिले होते आणि १८९९ साली ते अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेचे अध्यक्ष होते. पुढे १९३६ साली ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या न झालेल्या भाषणात बाबासाहेबांनी जातीचे मूळ कोणत्याही भौतिक अडथळ्यात न शोधता माणसांच्या धारणेत शोधले. आपल्या शेजारच्या येवल्यात १३ ऑक्टोबर १९३५ रोजी झालेली घोषणा आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला झालेले धम्मदीक्षेचे महापर्व यांच्यामध्ये एकवीस वर्षे आहेत. या वर्षांत लाखो माणसांची मने तयार झाली. तथागतांनीही मन हेच सर्व कर्मांच्या अग्रभागी ठेवले. अशी परंपरा असलेल्या समाजात मनाच्या शास्त्राचे पदवीधर मोजके असावेत, ही गोष्ट मला खटकते.

हे शास्त्र शोषितांच्या हाती आले की काय घडते, याचा एक दाखला अमेरिकेच्या इतिहासात आहे. मॅमी क्लार्क ही कृष्णवर्णीय तरुणी विद्यार्थिदशेतच लहान कृष्णवर्णीय मुलांच्या स्वतःविषयीच्या जाणिवेचा अभ्यास करू लागली. पुढे तिने व तिचे पती केनेथ क्लार्क यांनी मुलांसमोर सारख्याच बाहुल्या ठेवल्या. फरक फक्त रंगाचा होता. चांगली बाहुली कोणती, वाईट कोणती, आणि तुझ्यासारखी कोणती, असे प्रश्न त्यांनी विचारले. बहुसंख्य कृष्णवर्णीय मुलांनी गोरी बाहुली चांगली ठरविली. स्वतःसारखी बाहुली उचलताना काही मुलांना रडू कोसळले. वेगळ्या शाळा मुलांच्या मनावर कोणता व्रण उमटवतात, हे या अभ्यासाने पुराव्यानिशी दाखविले. १७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वर्णविभाजन घटनाबाह्य ठरविले, तेव्हा निकालाच्या तळटीपेत क्लार्क यांच्या अभ्यासाचा उल्लेख होता. एका विद्यार्थिनीच्या प्रश्नापासून सुरू झालेला प्रवास न्यायालयापर्यंत पोहोचला.

आपल्या देशातही असा एक प्रयोग झाला आहे आणि तो प्रत्येक शिक्षकाने समजून घ्यावा असा आहे. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या दोन संशोधकांनी उत्तर प्रदेशातील सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरील भुलभुलैये सोडवायला दिले. प्रत्येक सुटलेल्या कोड्यासाठी पैसे ठेवले होते. जात जाहीर केली नाही तेव्हा तथाकथित खालच्या आणि वरच्या जातींतील मुलांनी सारखीच कोडी सोडविली. नंतरच्या गटांत प्रत्येक मुलाचे नाव, वडिलांचे नाव आणि जात सर्वांसमक्ष पुकारली गेली. तेवढ्यानेच खालच्या मानलेल्या जातींतील मुलांची कामगिरी लक्षणीयरीत्या घसरली. मुले आणि कोडी त्याच प्रकारची होती, वेगळी होती ती फक्त पुकारलेली जात. गुणवत्तेच्या नावाने राखीव जागांवर बोलणाऱ्यांना यापेक्षा चांगले उत्तर कोणते? शिष्यवृत्तीच्या यादीसाठी भर वर्गात जातवार हात वर करायला लावणाऱ्या शिक्षकांनीही या प्रयोगाचा विचार करावा.

या शास्त्राची दुसरी बाजूही इतिहासाच्या विद्यार्थ्याला दिसते. १९०५ साली फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने यांनी बुद्धिमापनाची पहिली चाचणी तयार केली, ती मागे पडणाऱ्या मुलांना मदत मिळावी म्हणून. काही वर्षांतच तिची रूपांतरे अमेरिकेत गरीब स्थलांतरितांना मंदबुद्धी ठरविण्यासाठी वापरली गेली. चाचणी घेणाऱ्यांची भाषा, त्यांचे जग आणि त्यांचे पूर्वग्रह त्या आकड्यांत उतरले होते. धारवाडच्या व्ही. व्ही. कामत यांनी बिनेच्या चाचणीचे मराठी व कन्नड मुलांसाठी परिश्रमपूर्वक रूपांतर केले आणि १९४० साली त्यावरील ग्रंथ प्रसिद्ध केला. बिने-कामत चाचणी म्हणून ती आजही महाराष्ट्रात वापरली जाते. चाचणी आपल्या भाषेत आणणारा माणूस असेल तर ती आपल्या मुलांना थोडाफार न्याय देते, हा यातील धडा आहे. ज्याच्या हाती मोजपट्टी, त्याच्या हाती निवाडा.

हा प्रश्न चांदवडसारख्या तालुक्यात रोज उभा राहतो. एखाद्या मुलाला अक्षरे ओळखताना गोंधळ होतो. शहरातील महागड्या शाळेत त्याला अध्ययन अक्षमता आहे असे निदान होते आणि मंडळाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. आमच्या कांद्याच्या खळ्यावर वा द्राक्षबागेत राबणाऱ्या आईबापांच्या मुलाला मात्र ‘ढ’ म्हणतात आणि तो आठवीनंतर कामाला लागतो. सवलतीचा नियम दोघांनाही सारखाच आहे, पण ती अडचण ओळखणारा माणूस आमच्या मुलाजवळ नसतो. ज्यांनी निवासी शाळेत काम केले आहे त्यांना जूनमधले पहिले आठवडे ठाऊक असतात. पाचवीची मुले रात्री अंथरूण ओले करतात, घरचे माणूस भेटून गेले की काहींचे पोट दुखू लागते, काही आठवडाभर बोलत नाहीत. अधीक्षक आणि शिक्षक मायेने सांभाळतात, परंतु माया आणि प्रशिक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घराची आठवण कोणती आणि खोल दुखणे कोणते, हे ओळखायला शिकावे लागते.

२५ जुलै २०२५ रोजी सुकदेब साहा विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी पंधरा मार्गदर्शक तत्त्वे दिली. शाळा, महाविद्यालये, शिकवणी वर्ग, निवासी संस्था आणि वसतिगृहे या सर्वांना ती लागू आहेत. १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत मुलांच्या मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण घेतलेला किमान एक समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असावा, असे त्यात म्हटले आहे. अनुसूचित जाती-जमातींसह वंचित घटकांतील विद्यार्थ्यांशी भेदभावरहित व संवेदनशील वागण्याचे प्रशिक्षण कर्मचाऱ्यांना द्यावे, असेही त्यात आहे. रोहित वेमुला आणि डॉ. पायल तडवी यांच्या मातांनी उच्च शिक्षणसंस्थांतील जातिभेदाविरुद्ध २०१९ साली याच न्यायालयाचे दार ठोठावले होते, हे येथे आठवले पाहिजे.

न्यायालयाने सांगितले, पण माणसे कोठून आणायची? शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये चार : ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील सुमारे १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार होता, आणि विकारागणिक ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचत नव्हते. ही पोकळी रिकामी राहत नाही, ती भगत आणि मांत्रिक भरून काढतात. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, ही मोठी गोष्ट आहे. परंतु जिच्या ‘अंगात येते’ त्या बाईजवळ बसून तिचे दुःख ऐकणारा प्रशिक्षित माणूस कायदा देऊ शकत नाही. शहरांत तर आता बोटांच्या ठशांवरून मुलाची बुद्धी सांगण्याचा नवा धंदा चालतो. त्याला विज्ञानाचा आधार नाही, तरी आपले पालकही हजारो रुपये मोजतात. ज्याने तीन वर्षे सांख्यिकी आणि चाचणीशास्त्र शिकले आहे, तो अशा दुकानाला फसणार नाही आणि शेजाऱ्यालाही फसू देणार नाही.

चळवळीतील काही मित्र एक आक्षेप घेतात आणि तो गंभीर आहे. ते म्हणतात, आमचे दुःख सामाजिक आहे. अन्याय जातिव्यवस्थेने केला आणि तुम्ही ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाच समुपदेशकासमोर बसवता. मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात ‘समायोजन’ हा शब्द वारंवार येतो. कशाशी समायोजन करायचे? अपमानाशी? हा आक्षेप मला मान्य आहे, त्यातून निघणारा निष्कर्ष मात्र मान्य नाही. १ सप्टेंबर १९६७ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांनी अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांच्या अधिवेशनात हाच मुद्दा मांडला. वर्णद्वेषासारख्या गोष्टींशी माणसाने कधीच जुळवून घेऊ नये, असे त्यांनी त्या तज्ज्ञांना सांगितले. अन्यायाशी जुळवून घ्यायला शिकविणारे मानसशास्त्र आपल्याला नकोच. पण ते बदलायचे कोणी? बाहेर उभे राहून टीका केल्याने पाठ्यपुस्तके बदलत नाहीत. वसतिगृहातील मुलगी रात्रभर जागी राहते, याचे कारण तिच्या स्वभावात नसून तिला रोज ऐकाव्या लागणाऱ्या टोमण्यांत आहे, हे नोंदीत लिहिणारा आणि ती नोंद व्यवस्थापनासमोर ठेवणारा मानसशास्त्रज्ञ आपल्यातून यावा लागेल. संघर्ष करणाऱ्या माणसाला तुटू न देणे हेही संघर्षाचेच काम आहे.

दुसरा आक्षेप धम्मबांधवांचा. आपल्याच जिल्ह्यात इगतपुरीला धम्मगिरी असताना आणि विपश्यनेसारखी साधना उपलब्ध असताना हे पाश्चात्त्य शास्त्र कशाला? ध्यानाचे मोल मी जाणतो. परंतु गंभीर मानसिक विकार असलेल्या व्यक्तींनी शिबिरात येऊ नये, अशी सूचना विपश्यना केंद्रे स्वतःच देतात. साधना आणि उपचार यांतील सीमारेषा त्यांना कळते, ती आपणही ओळखली पाहिजे. कालामांना स्वतः पारखून घ्यायला सांगणाऱ्या शास्त्याच्या अनुयायांना प्रयोगाने सिद्ध होणाऱ्या ज्ञानाचे वावडे असण्याचे कारण नाही.

तिसरा प्रश्न पालकांचा आणि तोच सर्वांत रास्त : पोटापाण्याचे काय? येथे खोटी आशा दाखविणे हा अपराध ठरेल. केवळ बी. ए. करून कोणी मानसशास्त्रज्ञ होत नाही आणि कोणावर उपचार करण्याचा अधिकारही मिळत नाही. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करायचे तर भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेले शिक्षण आणि नोंदणी लागते. समुपदेशक व्हायचे तरी एम. ए. पर्यंत जावे लागते. म्हणजे बारावीनंतर किमान पाच वर्षे. मात्र पदवीवरून फुटणाऱ्या वाटा अनेक आहेत. समाजकार्यातील एम. एस. डब्ल्यू., विशेष शिक्षणातील बी. एड., कंपन्यांतील मनुष्यबळ विभाग, कौटुंबिक न्यायालये, बालगृहे व बाल संरक्षण कक्ष, शासकीय रुग्णालयांतील समुपदेशन केंद्रे अशा ठिकाणी या विषयाचा उपयोग होतो. संघ लोकसेवा आयोगाच्या परीक्षेलाही तो वैकल्पिक विषय म्हणून घेता येतो. यांतील अनेक शासकीय पदे कंत्राटी आहेत, हे मुलांना आधीच सांगावे. न्यायालयाने सांगितलेली शाळांतील पदे कायमस्वरूपी भरली जावीत, ही मागणी आपल्या संघटनांनी आतापासून लावून धरावी.

वाट अडविणाऱ्या आणखी दोन गोष्टी आहेत. पहिली भाषा. पदवीला मराठीतून उत्तरे लिहिता येतात, पण पुढची पुस्तके आणि संशोधन इंग्रजीत आहे. जो पहिल्या वर्षापासून रोज दोन पाने इंग्रजी वाचणार नाही, त्याची गाडी एम. ए. ला अडते. दुसरी गोष्ट अंतराची. जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून विद्यापीठ अनुदान आयोगाने मानसशास्त्रासह आरोग्यसेवेशी संबंधित अभ्यासक्रम दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने चालविण्यास मनाई केली आहे. माणसांच्या मनाशी संबंध असलेले शिक्षण प्रत्यक्ष देखरेखीखाली व्हावे, हे तत्त्व योग्यच आहे. परंतु त्याचा भार कोणावर पडतो, तेही पाहावे. नाशिकला मुक्त विद्यापीठ असूनही, दिवसा कामाला जाणाऱ्या वा लहान मूल सांभाळणाऱ्या आपल्या मुलीला हा दरवाजा आता बंद आहे. दर्जासाठी एक दार बंद करणाऱ्या शासनाने तालुक्याच्या महाविद्यालयांत या विषयाचे नियमित वर्ग, प्रयोगशाळा आणि पूर्णवेळ प्राध्यापक देऊन दुसरे दार उघडले पाहिजे. तोपर्यंत नाशिकला राहून शिकणाऱ्यांसाठी समाजकल्याण विभागाची वसतिगृहे आहेत. तेथे प्रवेश न मिळाल्यास अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेचा आधार घेता येतो. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, आणि पुढे परदेशी जायचे तर राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती आहे. अर्जाची तारीख चुकवू नका, जातवैधता प्रमाणपत्र बारावीतच तयार ठेवा.

समाजबांधवांना आणि माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. दरवर्षी या शाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींपैकी निदान दोघांनी मानसशास्त्राची पदवी घ्यावी आणि त्यांच्या पाच वर्षांच्या पुस्तकांचा व नाशिकमधील राहण्याचा भार आपण मिळून उचलावा. अट एकच असावी : शिक्षण पूर्ण झाल्यावर त्यांनी काही काळ याच परिसरातील वसतिगृहांत काम करावे. आपण विहारे बांधली, ग्रंथालये उभारली, जयंतीला लाखोंनी खर्च करतो. दोन विद्यार्थ्यांचा खर्च आपल्याला जड नाही. पाच-सहा वर्षांनी न्यायालयाच्या आदेशाप्रमाणे या शाळेत समुपदेशकाच्या खुर्चीवर कोणी बसेल, तेव्हा ती व्यक्ती या मुलांची भाषा, त्यांची वस्ती आणि त्यांचे मौन जाणणारी असावी. ती तयार करण्याचे काम या जूनपासून सुरू व्हावे.

जय भीम! नमो बुद्धाय!